रोग पडत नाही, येतो!

खरिपाच्या दिवसांत आमच्या दिग्रसच्या बाजारात एक वाक्य हमखास कानावर येते : ‘पऱ्हाटीवर रोग पडला.’ कृषी केंद्राच्या काउंटरवर, चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या बाकावर, बँकेच्या दारात, सगळीकडे हे वाक्य बोलले जाते आणि ऐकणारा गंभीरपणे मान हलवतो. कुठला रोग, असे सहसा कोणी विचारत नाही. दुकानात संवाद एवढाच होतो : ‘भाऊ, पऱ्हाटीवर रोग पडला. एखादं जोरदार औषध द्या.’ दुकानदार फळीवरून दोन बाटल्या आणि एक पुडी काढतो, हिशेब वहीत लिहितो आणि शेतकरी पंप पाठीवर घ्यायला घरी जातो.

हाच शेतकरी घरातले मूल तापले तर असे करीत नाही. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. हिवताप, विषमज्वर, डेंगी या तिन्हींत अंग तापते. पण पहिला परजीवीमुळे, दुसरा जिवाणूमुळे आणि तिसरा विषाणूमुळे होतो, एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही, हे आता तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही गृहिणीला ठाऊक आहे. माणसाच्या तापाला नाव मिळाले. पिकाच्या तापाला मात्र अजून ‘रोग’ हे एकच आडनाव आहे.

बँकेच्या नोकरीत असताना थकलेल्या पीककर्जांचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. कारणाच्या ठिकाणी बहुधा तेच लिहिलेले असे : ‘पिकावर रोग पडल्यामुळे.’ कीड, बुरशी, जिवाणू, विषाणू की नुसते पाणी साचून मुळे गुदमरली, हे लिहायला छापील नमुन्यात रकानाही नव्हता. कादंबरी लिहिणाऱ्याला एवढे कळते, की ज्या पात्राला नाव नाही ते पानावर उभे राहत नाही. रोगाचेही तसेच आहे. ज्याला नाव नाही त्याच्याशी लढता येत नाही. त्याच्यावर फक्त पैसे खर्च करता येतात.

या अनामिकांपैकी सर्वांत दुर्लक्षित म्हणजे जिवाणू. कीड डोळ्यांना दिसते. बुरशीची भुकटी बोटाला लागते. जिवाणू मात्र दिसत नाही, हाताला लागत नाही आणि कीटकनाशकाला किंवा नेहमीच्या बुरशीनाशकाला दाद देत नाही. आपल्या भागातल्या कपाशीवर तो पावसाळ्याचे निमित्त साधून येतो आणि आपण त्याला ‘करपा’ म्हणून मोकळे होतो. करपा म्हणजे करपलेले पान. ते लक्षण झाले, कारण नव्हे.

पानाआड काय घडते?

कपाशीच्या या रोगाला शास्त्रीय मराठीत ‘जिवाणूजन्य करपा’ किंवा ‘कोनीय ठिपके’ म्हणतात. तो घडवणाऱ्या जिवाणूच्या घराण्याचे नाव झॅन्थोमोनास. झॅन्थो म्हणजे पिवळा. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवला, तर त्याचे पिवळे, चिकट थेंब दिसतात, म्हणून हे नाव. एक जिवाणू मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाएवढा. त्याला पानाची कातडी भेदता येत नाही. बुरशी धागा फुटून आत घुसते. हा मात्र उघड्या दाराची वाट पाहतो. पानाच्या खालच्या अंगाला श्वासासाठी असलेली सूक्ष्म छिद्रे, वाऱ्याने पान पानावर घासून झालेली जखम, किड्याने टोचलेली जागा, ही त्याची दारे. पानावर पाण्याचा थर असला की त्यातून तो पोहत आत शिरतो.

आत पेशींच्या मधल्या पोकळीत तो वाढतो. उष्ण आणि दमट हवा त्याला मानवते. तीस अंशांच्या आसपासचे तापमान, ढगाळ आभाळ आणि अधूनमधून सरी, म्हणजे आपला ऑगस्ट. पानाच्या खाली आधी बारीक, गर्द हिरवे, तेलात बुडवल्यासारखे ठिपके दिसतात. पान उजेडासमोर धरले तर ते अधिक स्पष्ट होतात. जिवाणूला पानाच्या बारीक शिरा ओलांडता येत नाहीत, त्यामुळे ठिपका गोल न राहता शिरांच्या कुंपणात अडकून कोनदार होतो. पुढे तो तपकिरी, मग काळा पडतो. कधी रोग मुख्य शिरेच्या कडेने काळ्या रेघेसारखा सरकतो. फांदीवर उतरला तर फांदी काळी पडून मोडते. बोंडावर आला तर पाणचट, खोलगट डाग पडतात, बोंड नीट उमलत नाही आणि आतला कापूस डागाळून घट्ट राहतो. वेचणाऱ्या बायांच्या भाषेत त्याला ‘कवडी’ म्हणतात. नावात मोलही सांगून टाकले आहे.

आता शेजारच्या झाडावर असेच काही दिसले, तर तो हाच रोग असेल का? मुळीच नाही. ठिपका गोल असेल आणि त्यात एकात एक वर्तुळे असतील, तर ती बुरशी. ठिपके कोनदारच, पण त्यांवर दह्यासारखी पांढरी भुकटी असेल, तर तो दहिया, तीही बुरशीच. पाने नुसतीच लाल होत असतील, तर तो लाल्या. तिथे बहुधा कुठलाच जंतू नसतो; अन्नद्रव्य कमी पडलेले असते, रात्री गारठलेल्या असतात किंवा मुळांशी पाणी साचलेले असते. लांब ओढीनंतर जोराचा पाऊस पडून झाडे एकाएकी माना टाकतात, ती आकस्मिक मर. तिथेही जंतू नसतो. चार दुखणी, चार कारणे. आणि वहीवर हिशेब एकाच ‘रोगा’चा.

पुण्यातले एक घराणे

झाडांना जिवाणूंमुळे रोग होतात, हे मान्य करायलाच जगाने वेळ लावला. १८७८ च्या सुमारास अमेरिकेत इलिनॉयचे थॉमस बरिल यांनी नासपती आणि सफरचंदाच्या करपणाऱ्या फांद्यांमागे जिवाणू असल्याचे दाखवले. युरोपातल्या मोठ्या शास्त्रज्ञांना ते पटेना. जर्मनीचे आल्फ्रेड फिशर आणि अमेरिकेचे अर्विन स्मिथ यांच्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत यावर जाहीर वादावादी झाली. स्मिथ जिंकले. कपाशीच्या जिवाणूला १९०१ मध्ये पहिले शास्त्रीय नाव दिले तेही त्यांनीच.

आपल्याकडे या विषयाचे मूळ पीठ महाराष्ट्रात आहे, हे आपल्यालाच फारसे ठाऊक नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात प्रा. एम. के. पटेल यांनी १९४० आणि ५० च्या दशकांत वनस्पतींच्या जिवाणूंचा अभ्यास उभा केला. भारतातल्या पिकांवरचे अनेक झॅन्थोमोनास त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शोधून, वेगळे करून, नावानिशी नोंदवले. कपाशीच्या कोनीय ठिपक्यांवर पटेल आणि वाय. एस. कुलकर्णी यांचा निबंध १९५० मध्ये आला. या शाखेचे भारतातले जनक म्हणून पटेलांचे नाव घेतले जाते.

भाताच्या जिवाणूजन्य करप्याची देशातली पहिली नोंदही याच घराण्याची. १९५१ मध्ये तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात तो दिसला आणि १९५९ मध्ये श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल यांनी तो जगासमोर मांडला. त्या वेळी कोकणातल्या खाचरातली ही किरकोळ बाब वाटली असेल. चारच वर्षांनी, १९६३ मध्ये, बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात या रोगाची मोठी साथ आली आणि देश जागा झाला.

भाताच्या या गोष्टीचा पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. या जिवाणूवर बाटलीतले खात्रीचे औषध सापडले नाही. उत्तर बियाण्यात सापडले. आफ्रिकेतल्या मालीतून आलेल्या एका रानटी भातात रोगाला न जुमानणारा गुण होता. तो आणि असेच आणखी दोन गुण हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी लोकप्रिय सांबा मसुरी वाणात उतरवले आणि २००८ मध्ये सुधारित सांबा मसुरी शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाला. तांदूळ तोच, चव तीच, पण करप्याला दाद न देणारा. म्हणजे जिवाणूशी झुंज मुख्यतः पेरणीच्या आधीच जिंकायची असते. पंप पाठीवर घेईपर्यंत निम्मी लढाई होऊन गेलेली असते.

देशी गेली, सोबत काय गेले?

वऱ्हाडच्या कापसाने एके काळी लिव्हरपूलचा बाजार ओळखीचा केला होता. तो कापूस देशी होता. आखूड धाग्याचा, पण काटक. या देशी जातीची विशेष गोष्ट अशी, की जिवाणूजन्य करप्याला ती जवळजवळ दादच देत नाही. हजारो वर्षे याच मातीत, याच पावसात वाढल्यामुळे असेल. रोगाला बळी पडते ती अमेरिकन कपाशी. लांब धागा हवा म्हणून गिरण्यांनी तिला मागणी दिली, १९७० मध्ये गुजरातमधून एच-४ हा संकरित वाण आला आणि पुढच्या तीस वर्षांत आपले शेत अमेरिकन संकरित कपाशीने भरून गेले. २००२ मध्ये बीटी आली आणि देशी कपाशी बघायला अकोल्याच्या विद्यापीठात किंवा नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेत जायची वेळ आली.

हा बदल चुकीचा होता असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. लांब धाग्याने चार पैसे दिले, हेही खरे. पण सौद्यात आपण काय दिले, याची नोंद कोणी ठेवली नाही. बीटीबद्दल तर एक गोड गैरसमज गावोगाव आहे. बीटी म्हणजे ‘ताकदीचे’ बियाणे, त्याला काही होत नाही! बीटी हेही एका जिवाणूचेच लघुनाव आहे, हा योगायोग गमतीचा. पण त्याच्यापासून घेतलेला गुण फक्त काही बोंडअळ्यांपुरता. करप्याच्या जिवाणूपुढे बीटी आणि बिगरबीटी सारखीच. मूळ संकरित वाण रोगाला कच्चा असेल, तर बीटी लावून तो पक्का होत नाही. सन २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीची ही मर्यादाही उघडी केली.

जिवाणूचा मुख्य प्रवास बियाण्यातून होतो. सरकीवर जी बारीक लव असते, तिच्यात तो कोरड्या अवस्थेत महिनोन्‌महिने दबा धरून बसतो. काही थोडा बियाण्याच्या आतही असतो. आपले वाडवडील सरकी शेणामातीच्या काल्यात घोळून, चोळून पेरत. बियाणे सुटे व्हावे, हा त्यामागचा हेतू. पुढे गंधकाम्लाने लव जाळून टाकायची पद्धत आली आणि तिने बियाणे सुटे तर झालेच, शिवाय वरच्या जिवाणूचा बराचसा बंदोबस्त झाला. आज पाकिटातली सरकी काळी, गुळगुळीत दिसते ती त्यामुळे. पण आत शिरलेला जिवाणू आम्लाने मरत नाही. शंभर झाडांत एखादे जरी रोगट उगवले, तरी एका वादळी पावसात थेंबांच्या शिंतोड्यांबरोबर तो आजूबाजूला पसरतो.

दुसरा आसरा म्हणजे मागच्या वर्षीची पऱ्हाटी. धुऱ्यावर रचून ठेवलेल्या रोगट पऱ्हाटीत आणि वाळलेल्या पानांत तो तग धरतो. पाणी देऊन लांबवलेली फरदड तर त्याला आणि गुलाबी बोंडअळीला दोघांनाही आंदण. पाला मातीत नीट कुजला, की मात्र याचे फारसे चालत नाही. मातीतले इतर जीव त्याला टिकू देत नाहीत. कापसानंतर ज्वारी घेण्याची जुनी रीत नुसती चाऱ्यासाठी नव्हती, हे इथे लक्षात येते.

बोंड फोडून पाहा

अलीकडच्या वर्षांत नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणखी एका दुखण्याकडे लक्ष वेधले : आंतरिक बोंडसड. बोंड बाहेरून हिरवे, तजेलदार. फोडले तर आतली कच्ची सरकी आणि कापूस पिवळट-तपकिरी, सडलेला. ढेकण्यासारखे रस शोषणारे किडे कोवळ्या बोंडाला सोंड खुपसतात, त्या छिद्रातून पावसाळी हवेत जिवाणू आत जातात. बोंडे भरण्याच्या दिवसांत सतत झड लागली की हे जास्त होते.

बाहेरून बघणाऱ्याला ही गुलाबी बोंडअळी वाटते. बोंड सडले म्हणजे अळीच, हे समीकरण २०१७ पासून डोक्यात पक्के बसले आहे. मग अळीचे महागडे औषध फवारले जाते. अळी असेल तर बोंड फोडल्यावर ती दिसेल, तिची विष्ठा दिसेल, पोखरलेली सरकी दिसेल. यांतले काहीच नसेल आणि नुसती सड असेल, तर अळीच्या औषधाचा पैसा मातीत. दहा बोंडे फोडायला पाच मिनिटे लागतात. ही पाच मिनिटे शेतात द्यावी, असे शेतकऱ्याला वाटत नाही असे नाही. पण फोडल्यावर जे दिसले त्याचा अर्थ सांगणारा माणूस गावात नसतो.

नाव न कळण्याची किंमत नुसती पैशांत मोजून भागत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा कोंदट, अंगावर संरक्षक कपडे नाहीत आणि पंपात दोन-तीन औषधांचे मिश्रण. ती फवारणी किडींसाठी होती. पण मिश्रण करण्यामागची वृत्ती ओळखीची आहे. काय झाले ते ठाऊक नाही, म्हणून सगळेच थोडे थोडे टाकू. काही तरी लागू पडेल. अंधारात दगड मारण्याचाच हा प्रकार. दगड आपल्याच माणसांना लागले.

पुडीतले औषध

जिवाणूवर औषधच नाही का? आहे, पण ते जपून वापरायचे. तांबेयुक्त औषध पानावर थर धरते आणि नव्याने येणाऱ्या जिवाणूला अडवते. आत शिरलेल्याला ते पोचत नाही. म्हणून रोग दिसायला लागताच, वेळेवर आणि शिफारशीच्या प्रमाणातच त्याचा उपयोग.

दुसरे औषध म्हणजे प्रतिजैविक. स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीन यांचे नऊस एक प्रमाणातले मिश्रण स्ट्रेप्टोसायक्लीन या नावाने अनेक वर्षे शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. ते बनवले पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने, म्हणजे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या सरकारी कारखान्याने. सहा ग्रॅमची ती पुडी विदर्भात, सोलापुरात, नाशकात किती फवारली गेली असेल याची गणती नाही.

यातले स्ट्रेप्टोमायसीन म्हणजे १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलेले, क्षयरोगावरचे पहिले गुणकारी प्रतिजैविक. ज्या औषधाने एका पिढीचे फुप्फुस वाचवले, तेच आपण पानांवर उडवत आलो. जिवाणू हा हुशार शत्रू आहे. एकच औषध पुनःपुन्हा मिळाले की त्याच्यातले जे तगून राहतात त्यांचीच पुढची प्रजा होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या फळबागांत १९७१ मध्येच स्ट्रेप्टोमायसीनला न जुमानणारा जिवाणू आढळला. आणि धोका झाडांच्या जिवाणूंपुरता राहत नाही. न जुमानण्याचा हा गुण एक जिवाणू दुसऱ्याला उसना देऊ शकतो. शेतातल्या मातीत, नाल्यात, गोठ्यात, आणि शेवटी माणसाच्या पोटातही.

म्हणून केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये या दोन औषधांचा शेतीतला वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. १ फेब्रुवारी २०२२ पासून शेतीसाठी त्यांची आयात आणि निर्मिती बंद, १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद, असे त्यात योजले होते. दिशा योग्यच आहे. पण पुडी काढून घेताना तिच्या जागी काय ठेवायचे, हा प्रश्न उरतोच. जागा रिकामी राहिली की तिथे कुठले तरी बिननावाचे ‘टॉनिक’ येऊन बसते.

डाळिंब आणि संत्रे : दोन इशारे

जिवाणू काय करू शकतो, हे पाहायचे तर सोलापूर, सांगली, नाशिककडे पाहावे. दुष्काळी माळावर डाळिंबाने घरे बांधली, मुले शिकवली. मग २००२-०३ पासून तेल्या आला. हाही एक झॅन्थोमोनासच. फळावर तेलाचा थेंब पडल्यासारखा डाग, मग साल तडकते. एका पावसात बाग विकण्याजोगी राहत नाही. सांगोल्यापासून सटाण्यापर्यंत बागा उपटल्या गेल्या. २००५ मध्ये सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले. पण रोग गावोगाव नेण्याचे मोठे काम रोगट बागेतून बांधलेल्या गुट्यांनी आणि छाटणीच्या कात्र्यांनी केले. शेतकऱ्यानेच हौसेने, पैसे मोजून, रोग घरी आणला. ज्यांनी सावरले त्यांनी काय केले? निरोगी रोपे आणली, पावसातला मृग बहार टाळून दुसरा बहार धरला, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक केली, पडलेली फळे-पाने गोळा करून नष्ट केली. यांतली एकही गोष्ट बाटलीत मिळत नाही.

संत्र्याचा इशारा आपल्या अधिक जवळचा. कागदी लिंबाच्या पानाफळांवर खरबरीत, खपलीसारखे डाग पडतात तो खैऱ्या आपल्या परसातही दिसतो. संत्र्याला त्याचा त्रास कमी. तिची खरी भीती ‘ग्रीनिंग’ ही. हा जिवाणू झाडाच्या रसवाहिन्यांत राहतो, सिला नावाचा चिमुकला किडा त्याला झाडोझाडी नेतो. फळ लहान, वाकडे, एका अंगाने हिरवेच राहते आणि झाड वर्षावर्षाने खंगत जाते. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात तो २००५ मध्ये आढळला. २००३-०४ च्या हंगामात तिथे सुमारे चोवीस कोटी पेट्या संत्री निघाली होती. वीस वर्षांनी त्याचा दहावा हिस्साही उरला नाही. वादळांचाही त्यात हात होता. तरी पैसा, विज्ञान, यंत्रे सगळे असलेल्या देशाची ही अवस्था झाली, हे विसरू नये. नागपुरी संत्र्याचे कलम कुठल्याही रोपवाटिकेतून, नुसता दर बघून आणणाऱ्याने तर मुळीच नाही.

तालुक्याला एक सूक्ष्मदर्शक

मग करायचे काय? घरातल्या कुंडीपासून सुरुवात करता येते. वांग्याचे किंवा टोमॅटोचे झाड हिरवेगार असताना एकाएकी सुकले, तर बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टांगून ठेवा. काही मिनिटांत त्यातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले, तर ती जिवाणूजन्य मर. ते धागे म्हणजे लाखो जिवाणू. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा. शाळेच्या पुस्तकातला जिवाणू त्यांना डोळ्यांदेखत खोडातून उतरताना दिसेल.

शेताचे काम एवढे सोपे नाही, पण अशक्यही नाही. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका आली, माती तपासण्याची सवय थोडीफार लागली. दूध संकलन केंद्रावर गावोगाव फॅट मोजायचे यंत्र असते. रक्त-लघवी तपासणारी प्रयोगशाळा तालुक्याच्या बाजारपेठेत सहज सापडते. मग पान तपासायलाच जागा का नसावी? जिवाणूजन्य ठिपक्याची पहिली ओळख पटवायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. ताज्या ठिपक्याची कडा कापून पाण्याच्या थेंबात ठेवली आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की जिवाणूंचा लोंढा बाहेर पडताना दिसतो. एक सूक्ष्मदर्शक, एक प्रशिक्षित कृषी पदवीधर आणि हंगामातले चार महिने. यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्राशी, अकोल्याच्या विद्यापीठाशी जोडलेली अशी एक खोली प्रत्येक तालुक्याच्या बाजार समितीत का होऊ नये? बाजार समितीचा सेस शेतकऱ्याच्या कापसावरच जमतो. मोबाइलवर पानाचा फोटो पाठवून सल्ला घेण्याची सोय आता आहे आणि ती उपयोगीही आहे. पण दहिया आणि जिवाणू दोघांचेही ठिपके कोनदार असतात, हे फोटोला नेहमी कळेलच असे नाही.

बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्ती आणि शुद्धता छापलेली असते. हे बियाणे जिवाणूसाठी तपासले आहे का, वाण करप्याला किती टिकतो, हेही शेतकऱ्याला वाचता यावे. एवढे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाचा तो हक्क आहे. आणि बँकांनीही पीककर्जाच्या, पुनर्गठनाच्या अर्जात एक छोटा रकाना वाढवावा : रोगाचे नाव आणि ते कोणी ठरवले. दहा वर्षांत त्या रकान्यांतून तालुक्याचा रोगांचा नकाशा तयार होईल. कुठल्या मंडळात कोणता वाण वारंवार बळी पडतो, हे त्यावरून कळेल. आज ते कोणालाच सांगता येत नाही.

राहिले शेतकऱ्याच्या हातातले. पान ओले असताना रोगट शेतात शिरू नये. डवरणीला आणि निंदणीला ऊन पडू द्यावे, कारण हात, कपडे आणि अवजारे जिवाणूला पुढच्या तासात नेतात. फरदड मोहात पाडते, पण ठेवू नये. पऱ्हाटी वेळेत शेताबाहेर काढावी किंवा बारीक करून कुजवावी. अंतर थोडे मोकळे ठेवावे, नत्राचा मारा आवरावा. आणि हे एकट्याने करून भागत नाही. धुऱ्यापलीकडच्याची पऱ्हाटी तशीच उभी असेल, तर आपल्या स्वच्छतेला पाऊस जुमानत नाही. गावाने बसून ठरवण्याच्या या गोष्टी आहेत.

‘रोग पडला’ या शब्दांतच आपली हार दडलेली आहे, असे मला वाटते. वीज पडते, गारा पडतात, दुष्काळ पडतो. जे आभाळातून पडते त्याला कोणी जबाबदार नसते आणि त्यावर उपायही नसतो. पण पिकाचा जिवाणू आभाळातून पडत नाही. तो बियाण्यातून, रोपातून, पऱ्हाटीतून, कात्रीच्या पात्यावरून, भिजलेल्या धोतराच्या सोग्यातून येतो. येणाऱ्याला वाट असते. वाट कळली की ती अडवता येते. त्यासाठी आधी दारात उभा असलेला कोण, हे विचारायची सवय लावून घ्यायला हवी. औषधाची बाटली त्यानंतर.